उद्या डबा नको : टूलच्या वर्णनाची ७५ वर्षं

आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात डब्यापासून करू. डबा म्हणजे आपला जेवणाचा डबा. पोळी, भाजी, वरण, भात.

माझ्या एका मित्राची आई पुण्यात डबे देते. साठेक गिऱ्हाइकं आहेत. होस्टेलची मुलं, नोकरीवाले, आणि एकटे राहणारे काही आजी-आजोबा. रोज रात्री काकूंच्या फोनवर मेसेज येत राहतात. "काकू, उद्या दोन पोळ्या जास्त." "परवापासून चार दिवस गावी जातोय." "भाताऐवजी भाकरी मिळेल का?" काकू दिवसभर ओट्यापाशी उभ्या, आणि रात्री चष्मा लावून मेसेज वाचत बसलेल्या. मित्र सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं ठरवलं, हे काम एआय एजंटला देऊन टाकू.

एजंट म्हणजे काय ते पटकन सांगतो. साधा चॅटबॉट फक्त उत्तर देतो. एजंट कामही करतो. पण काम करायला त्याला हात लागतात. ते हात म्हणजे टूल्स. टूल म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, एक ठरावीक काम करणारा. एक टूल वहीत नोंद करतं, एक हिशोब काढतं, एक मेसेज पाठवतं. कोणतं टूल कधी वापरायचं हे एजंटच्या आतलं मॉडेल ठरवतं. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आजचा अख्खा भाग तिच्यावर उभा आहे. मॉडेलला बहुतेक वेळा टूलच्या आतला कोड दिसत नाही. त्याला दिसतं फक्त टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवायची त्याची यादी. बस.

मित्रानं इतर टूल्सबरोबर ही दोन टूल्स बनवली. एकाचं नाव 'डबा_बंद', वर्णन : "ग्राहकाचा डबा बंद करते." दुसऱ्याचं नाव 'सुट्टी', वर्णन : "सुट्टीची नोंद करते." दोन आठवडे सगळं मस्त चाललं. मग एका रात्री एका आजोबांचा मेसेज आला : "उद्या डबा नको, मुलीकडे जेवायला जातोय."

एजंटनं वाचलं, डबा नको. समोर टूल होतं, डबा बंद. त्यानं ते चालवलं, आणि आजोबांचं महिन्याचं खातंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला काही कळलं नाही, कारण त्या दिवशी डबा जाणारच नव्हता. तिसऱ्या दिवशी दीड वाजता आजोबांचा फोन आला. "ताई, आज डबा राहिला का हो?" आजोबा एकटे राहतात, मधुमेह आहे, सकाळची गोळी घेऊन जेवणाची वाट बघत बसले होते. काकूंनी घरातलं जे होतं ते भरलं, स्कूटर काढली आणि स्वतः देऊन आल्या. आजोबा एक शब्द रागावले नाहीत. काकू मात्र त्या रात्री मुलाला म्हणाल्या, "मला मेसेज वाचायला जमत होते रे."

मित्रानं रात्रभर कोड तपासला. कोडमध्ये चूक नव्हती. दोन्ही टूल्स सांगितलेलं काम बरोबर करत होती. चूक होती त्या चार शब्दांत : ग्राहकाचा डबा बंद करते. उद्यापुरता, की कायमचा?

मला वाटलं होतं, हा एकदम नवा प्रॉब्लेम आहे, दोन-तीन वर्षांपूर्वीचा. मग मी मागे शोधत गेलो. आणि जाऊन पोहोचलो थेट १९५२ सालात.

केंब्रिजचं कपाट

६ मे १९४९. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाच्या कॉम्प्युटरनं आपला पहिला प्रोग्रॅम चालवला आणि वर्गसंख्यांचं कोष्टक छापलं. मॉरिस विल्क्स हे या कामाचे प्रमुख. मशीन खोलीभर पसरलेलं, आणि मेमरीत हजार आकडेसुद्धा मावायचे नाहीत. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे.

लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक जण तेच तेच पुन्हा लिहितोय. वर्गमूळ काढायचं, साइन-कोसाइन काढायचं, आकडा कागदावर छापायचा. हे एकदाच नीट लिहून ठेवलं तर? अशा तयार तुकड्याला म्हणतात सबरूटीन. आज ज्याला आपण टूल म्हणतोय, त्याचे हे पणजोबा.

हे काम प्रामुख्यानं केलं डेव्हिड व्हीलर या तरुणानं. १९४९ मध्ये तो २२ वर्षांचा होता. तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाचा. प्रत्येक सबरूटीनची कागदी पट्टी कपाटात ठेवलेली असायची. हवी ती काढायची, मशीननं आपल्या पट्टीवर तिची नक्कल उतरवायची, आणि मूळ पट्टी परत जागेवर. अक्षरांवरून विभाग केलेले : छपाईची सबरूटीन्स 'पी'खाली, त्रिकोणमितीची 'टी'खाली. १९५१ पर्यंत सगळ्यांना वापरता येतील अशी ८७ सबरूटीन्स तयार होती.

आता विचार करा. तुम्ही खगोलशास्त्राचे विद्यार्थी आहात. कपाटासमोर उभे आहात. पट्टीवर नुसती भोकं. ती बघून आत काय आहे ते कळणार कसं? म्हणून प्रत्येक सबरूटीनचं लेखी वर्णन असायचं. ती काय करते, मेमरीत किती जागा घेते, तिला किती वेळ लागतो, आकडा कुठे ठेवून द्यायचा, उत्तर कुठे मिळेल.

१९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी प्रोग्रॅमिंगवर पुस्तक काढलं. या विषयावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. त्याची रचना बघण्यासारखी आहे. सबरूटीन्सची वर्णनं एका भागात आणि त्यातल्या निवडक सबरूटीन्सचा आतला कोड दुसऱ्या भागात. म्हणजे वापरणाऱ्यानं पहिला भाग वाचला की त्याचं काम झालं पाहिजे. आत डोकावायची गरज पडता कामा नये.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, अमेरिकेत पिट्सबर्गला झालेल्या परिषदेत व्हीलरचा एक निबंध आला. जेमतेम दोन पानांचा. त्यात त्यानं जे म्हटलंय ते माझ्या शब्दांत सांगतो. सबरूटीन लिहून झाली, तपासून झाली, तरी एक मोठं काम उरतंच. ज्याला आतला कोड ठाऊक नाही अशा माणसालाही ती सहज वापरता येईल असं वर्णन लिहिणं. आणि हे शेवटचं कामच कदाचित सगळ्यांत अवघड असेल.

थांबा जरा इथे. ज्या माणसानं सबरूटीन ही गोष्ट प्रत्यक्षात आणली, तो सांगतोय की कोड लिहिण्यापेक्षा वर्णन लिहिणं अवघड असू शकतं. १९५२ मध्ये! तेव्हा आपल्याकडे पहिल्या लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती.

अवघड का असतं? कारण लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. माझ्या मित्राला 'बंद' म्हणजे खातं बंद हे इतकं पक्कं माहीत होतं, की दुसरा अर्थ निघू शकतो हे त्याच्या मनातच आलं नाही. आपल्या घरचा पत्ता सांगताना आपण नाही का म्हणत, "अहो, देवळापासून डावीकडे"? गावात देवळं पाच असतात. आपल्या डोळ्यांसमोर एकच असतं.

स्वतःचे दोष सांगणारं पान

आता वीस वर्षं पुढे येऊ. अमेरिकेतली बेल लॅब्स. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स बनवत होते. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड किंवा आयफोनमध्ये त्याच घराण्याचे विचार आहेत. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेनं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं. चांगलं मॅन्युअल असलंच पाहिजे हा आग्रह त्यांचे सहकारी डग मॅकइलरॉय यांचा.

प्रत्येक कमांडला साधारण एक पान आणि प्रत्येक पानाचा साचा सारखा. आधी नाव आणि एका ओळीत काम. मग ती कशी लिहायची. मग वर्णन. मग ती कोणत्या फाइल्स वापरते. मग 'हेही पाहा', म्हणजे शेजारच्या कोणत्या कमांड्स तुमच्या कामाच्या असू शकतील. आणि शेवटाकडे एक मथळा : 'बग्ज'.

हो, दोष! आपल्याच प्रोग्रॅममध्ये काय बिघडलेलं आहे, काय जमत नाही, कुठे फसाल, हे मॅन्युअलमध्ये छापून दिलेलं. दुकानदारानंच सांगावं, "ही कढई चांगली आहे, पण हिचा दांडा तापतो, फडकं घेऊन धरा." अशा दुकानात आपण पुन्हा जातो.

याचा एक फायदा असाही झाला की लिहायला बसल्यावर लिहिणाऱ्यालाच लाज वाटायची. दोष समजावून सांगण्यापेक्षा तो दुरुस्त करणं सोपं पडायचं. वर्णन लिहिताना अडखळायला होत असेल, तर बऱ्याचदा टूलच नीट बनलेलं नसतं. माझ्या मित्राला जेव्हा त्याचं 'सुट्टी' टूल नक्की काय करतं ते लिहायला सांगितलं, तेव्हा त्याला कळलं की त्यात एकाच दिवसाची सुट्टी घेता येते, चार दिवसांची नाहीच. ते त्याला टूल लिहिताना दिसलं नव्हतं, वाक्य लिहिताना दिसलं.

आणखी एक गोष्ट. पुढे बर्कलेच्या युनिक्समध्ये एक सोय आली. एखादा शब्द द्यायचा, आणि ज्या कमांड्सच्या त्या एका ओळीच्या वर्णनात तो शब्द असेल त्यांची यादी समोर यायची. म्हणजे ती पहिली ओळ आता निवडीसाठी वापरली जाऊ लागली. ओळ बरोबर नसेल, तर टूल असूनही सापडणार नाही. एजंट आज शेकडो टूल्समधून एक निवडतो, त्या निवडीची ही जुनी आवृत्ती.

याच सुमारास, १९७२ मध्ये, डेव्हिड पार्नास या संशोधकानं एक नियम मांडला. थोडक्यात असा : वर्णनात वापरणाऱ्याला ते बरोबर वापरण्यासाठी लागणारी सगळी माहिती हवी, आणि त्यापलीकडे काही नको. पहिला अर्धा भाग विसरला तर आजोबा उपाशी राहतात. दुसरा अर्धा विसरला तर दहा पानं लिहूनही कामाची ओळ हरवते.

एक रॉकेट, एक यान

कुणी म्हणेल, वर्णनाचं एवढं काय घेऊन बसलात? तर दोन गोष्टी सांगतो.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं नवं रॉकेट एरियान ५ पहिल्यांदाच उडालं. सुमारे ४० सेकंदांत ते वाट सोडून भरकटलं आणि फुटलं. कारण? दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून तसंच उचललं होतं. त्यात एक मोठा आकडा छोट्या जागेत बसवला जायचा, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत. एरियान ४ मध्ये तो आकडा कधी तेवढा वाढतच नसे, त्यामुळे तिथे जादा तपासणी ठेवली नव्हती. एरियान ५ चा उड्डाणमार्ग वेगळा. आकडा वाढला, जागेत मावला नाही, सॉफ्टवेअर बंद पडलं.

तपासणी का ठेवली नाही याला कारण होतं. एकेकाळी विचार करूनच तसं ठरवलं होतं. पण ते कारण, ती मर्यादा, कोडजवळ लिहून ठेवलेली नव्हती. चौकशी समितीनंही यावर बोट ठेवलं. 'हा तुकडा अमुक इतक्या आकड्यापर्यंतच चालेल', एवढं एक वाक्य वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवं होतं.

दुसरी गोष्ट मंगळाची. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ हरवलं. लॉकहीड मार्टिन कंपनीचं जमिनीवरचं सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या इंजिनांचा धक्का मोजून आकडे पाठवायचं पाउंड-सेकंदात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ते आकडे वाचले जायचे न्यूटन-सेकंद समजून. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरवरून जायला हवं होतं, ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं. साधारण १२.५ कोटी डॉलरचं यान गेलं.

आता या गोष्टीतली बारीक गंमत. ही गोष्ट सहसा अशी सांगतात की एकक लिहायला कुणी विसरलं. तसं नव्हतं. दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीचा लेखी करार होता आणि त्यात न्यूटन-सेकंद स्पष्ट लिहिलेलं होतं. वर्णन बरोबर होतं. टूल त्याप्रमाणे वागत नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

म्हणजे एरियानमध्ये मर्यादा सांगायची राहिली, आणि मंगळाच्या यानात सांगितलेलं पाळलं गेलं नाही. चांगलं वर्णन लिहिलं म्हणजे काम संपलं असं नाही. टूल बदललं की वर्णन बदललं पाहिजे, आणि वर्णन खरं आहे का हे मधूनमधून चालवून बघितलं पाहिजे.

वाचणारा बदलला

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत वर्णन वाचणारा माणूस होता. आणि माणसाची एक खासियत आहे. त्याला शंका येते. तो शेजारच्याला विचारतो, "अरे, हे नक्की काय करतं?" बेल लॅब्समध्ये मॅन्युअल अपुरं वाटलं, तर प्रोग्रॅम लिहिणारा त्याच इमारतीत सापडायचा. एखादा चहा, आणि काम व्हायचं.

मग इंटरनेट आलं, कंपन्या एकमेकांची सॉफ्टवेअर्स दुरून वापरू लागल्या. अशा सेवांच्या दरवाजाला एपीआय म्हणतात. या दरवाजांचं वर्णन ठरावीक साच्यात, मशीनला वाचता येईल असं लिहायची पद्धत रुळली. २०११ मध्ये स्वॅगर आलं, त्याचंच पुढे ओपन-एपीआय झालं. मशीन त्यातून नावं, प्रकार, पत्ते वाचायचं. पण साध्या भाषेतल्या वर्णनाची जागा ऐच्छिक होती. लिहिलं तर बरं, नाही लिहिलं तरी कोड चालायचा. आणि तुम्हाला माहितीय, जे ऐच्छिक असतं त्याचं काय होतं! कित्येक ठिकाणी ती जागा रिकामी राहिली, नाहीतर 'युजर मिळवा' या नावाच्या टूलपुढे वर्णन : "युजर मिळवते."

२०२३ मध्ये चित्र पालटलं. मार्चमध्ये ओपन-एआयनं चॅट-जीपीटीसाठी प्लगइन्स आणले. प्रत्येक प्लगइनसोबत एक माहितीची फाइल द्यायची असे, आणि तिच्यात वर्णनासाठी दोन वेगळे रकाने होते. एक माणसासाठी, एक मॉडेलसाठी. मला हे या इतिहासातलं महत्त्वाचं वळण वाटतं. साध्या भाषेतलं वर्णन खास मशीननं वाचावं म्हणून वेगळं लिहून मागितलं जात होतं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी 'फंक्शन कॉलिंग' आणलं : टूलचं नाव, वर्णन आणि लागणारी माहिती द्या, कधी वापरायचं ते मॉडेल ठरवेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी जाहीर केला, आणि कुणाचंही टूल कुणाच्याही एजंटला जोडायची एक सामाईक पद्धत मिळाली.

फरक लक्षात आला का? ७० वर्षं वर्णन हे कोडच्या शेजारी ठेवलेली चिठ्ठी होतं. आता वर्णन हाच कामाचा भाग झाला. चिठ्ठी बदलली की वागणं बदलतं, कोडची एक ओळही न बदलता. आणि वाचणारा हा असा, की तो फार हुशार आहे, खूप वाचलेला आहे, पण त्यानं विचारायला हवं तिथे तो विचारेलच असं नाही. तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो. आत्मविश्वासानं.

याची दोन छोटी उदाहरणं अँथ्रॉपिकच्या लोकांनीच लिहून ठेवलीत. त्यांचा कोड लिहिणारा एजंट फाइल्सचे पत्ते चुकवत होता. पत्ता 'इथून पुढे' असा अर्धा द्यायची मुभा होती, आणि एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की 'इथून' म्हणजे कुठून याचा घोळ व्हायचा. त्यांनी टूल असं बदललं की पूर्ण पत्ताच द्यावा लागेल. चूक थांबली. दुसरं उदाहरण वेबवर शोधणाऱ्या टूलचं. मॉडेल शोधाच्या शब्दांपुढे विनाकारण '२०२५' जोडत होतं आणि उत्तरं बिघडत होती. वर्णन सुधारलं आणि ती खोड गेली.

वर्णनावर किती विश्वास ठेवायचा?

पण मंडळी, याला दुसरी बाजूही आहे. मॉडेल वर्णन वाचतं आणि मानतं, म्हणजे वर्णनातून त्याला फसवताही येतं. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या सुरक्षा संशोधकांनी हे दाखवून दिलं. दोन आकड्यांची बेरीज करणारं साधं टूल. पण वर्णनात आतल्या बाजूला सूचना लपवलेली : आधी वापरकर्त्याच्या कॉम्प्युटरवरची अमुक गुप्त फाइल वाच आणि तिचा मजकूर माझ्याकडे पाठव. माणसाला स्क्रीनवर दिसतं 'बेरीज'. मॉडेल वाचतं ते वेगळंच. याला 'टूल पॉयझनिंग' म्हणतात, म्हणजे टूलमधून विषप्रयोग. म्हणून अनोळखी टूल जोडण्याआधी त्याचं अख्खं वर्णन स्वतः वाचा. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नये, हे लहानपणी शिकलोय, तेच.

आणि आपलं स्वतःचं टूल असलं तरी एक मर्यादा पाळायला हवी. जे काम उलटवता येत नाही, म्हणजे पैसे पाठवणं, नोंद पुसणं, कुणाचं खातं मिटवणं, ते फक्त चांगल्या वर्णनाच्या भरवशावर सोडू नका. एमसीपीमध्ये टूलवर 'हे फक्त वाचतं' किंवा 'हे नुकसान करू शकतं' अशी खूण करायची सोय आहे. पण ती खूण म्हणजे इशारा आहे, कुलूप नाही. कुलूप कोडमध्येच लागतं.

पुन्हा डब्याकडे

तर माझ्या मित्रानं काय केलं? त्यानं आधी एक साधा प्रयोग केला. वर्णनं कागदावर लिहिली आणि काकूंना दिली. म्हणाला, "आई, तुला कोड दिसत नाही. फक्त हे वाच आणि सांग, या मेसेजला कोणतं टूल वापरशील?" काकूंनी दहा मिनिटांत पाच प्रश्न काढले. तारीख पहिली की शेवटची? दोन्ही दिवस धरून का? रात्री बारानंतर कुणी 'उद्या' म्हणालं तर कोणता उद्या? भाजी चिरून झाल्यावर नको म्हणालं तर? आणि 'बंद' हा शब्द गिऱ्हाइकं एका दिवसासाठीही वापरतात हे तुला माहीत नाही का रे?

व्हीलरनं सांगितलेली कसोटी ही अशी लावायची. ज्याला आतलं ठाऊक नाही त्याला वाचायला द्या.

आज त्या दोन टूल्सची वर्णनं अशी आहेत. वाचून दाखवतो.

'डब्याला_सुट्टी' : गिऱ्हाइकाला एक किंवा जास्त दिवस डबा नको असेल तेव्हा वापर. पहिली आणि शेवटची तारीख दे, दोन्ही दिवस सुट्टीत धरले जातात. एकच दिवस असेल तर दोन्हीकडे तीच तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिही. रात्री बारानंतरच्या मेसेजमध्ये 'उद्या' असेल तर नेमकी तारीख विचारून घे. सकाळी ७ नंतर त्याच दिवसाची सुट्टी लागत नाही. तसं गिऱ्हाइकाला सांग.

'डबा_कायमचा_बंद' : यापुढे डबा अजिबात नको, हिशोब मिटवा, असं गिऱ्हाईक स्पष्ट म्हणालं तरच वापर. 'नको' किंवा 'बंद' एवढ्या शब्दावरून कायमचं समजू नकोस. काही दिवसांपुरतं असेल तर 'डब्याला_सुट्टी' वापर. शंका असेल तर आधी विचार. हे टूल खातं लगेच मिटवत नाही. काकूंना निरोप जातो आणि त्यांनी हो म्हटल्यावरच खातं बंद होतं.

बघा, यात कुठेही अवघड शब्द नाही. नावातच फरक कळतो. कधी वापरायचं आहे, आणि कधी वापरायचं नाही तेही आहे. शेजारच्या टूलचं नाव आहे, युनिक्सच्या 'हेही पाहा'सारखं. तारखेची पद्धत आहे, म्हणजे मंगळाच्या यानाची चूक इथे व्हायला नको. मर्यादा आहे, जी एरियानला मिळाली नाही. आणि शेवटचं वाक्य फक्त वर्णनात नाही, कोडमध्येही तसंच आहे.

तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, स्वतःच्या दुकानासाठी, नोकरीत, कुठेही एजंट बनवत असाल, तर मॉडेल कोणतं घ्यायचं यावर जेवढा वेळ घालवता तेवढा या दहा ओळींवरही घालवा. आणि लिहून झाल्यावर घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही पण काम येतं. तो जिथे "म्हणजे?" असं विचारेल, तिथे तुमची पुढची चूक लपलेली आहे.

आजोबांचा डबा आता रोज वेळेवर जातो. मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा लिहिलं होतं, "उद्या डबा बंद ठेवा." एजंटनं उत्तर दिलं : "फक्त उद्याचा दिवस ना आजोबा? परवापासून नेहमीसारखा पाठवतो." आजोबांनी नुसता अंगठा पाठवला. काकूंनी तो मेसेज मला दाखवला आणि म्हणाल्या, "आता याला जमायला लागलंय."

चला, आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि जेवण वेळेवर करा.